रेनोचे पाच लाख डॉलर

मंडळी, शिवकाल आणि पेशवाई सोडून मास्तर आज कुठे भरकटले, असे काही जणांना वाटेल. विषय आहे पूल. नदीवरचा नव्हे, हिरव्या कापडाच्या टेबलावरचा. सहा पॉकेटे, पंधरा रंगीत बॉल, एक पांढरा आणि हातात लांब काठी, म्हणजे क्यू.

नव्वदच्या दशकात आमच्या गावातही एक पूल पार्लर निघाले होते. काचेला काळी फिल्म लावलेली, आत एसी. तास बुडवून पोरे तिथे जात आणि आम्ही शिक्षक मंडळी आळीपाळीने त्यांना शोधायला जात असू. "पूल खेळतो" म्हणजे पोरगा हाताबाहेर गेला, असा पालकांचा सरळ हिशेब होता. पुढे निवृत्तीनंतर नातवाने हा खेळ मला संगणकावर नीट दाखवला आणि माझे मत बरेच बदलले. भूमिती, हाताचा ठहराव आणि चार चाली पुढचा विचार, असे तिन्ही लागणारे खेळ फार नाहीत. आपला कॅरम त्याच जातीचा.

पण मला खेळापेक्षा त्याचा इतिहास जास्त धरून बसला. अमेरिकेत कोट्यवधी लोक हौसेने खेळतात, गावोगावच्या बारमध्ये टेबले आहेत, हॉलिवूडने त्यावर नावाजलेले सिनेमे काढले. आणि तरीही या खेळाच्या व्यावसायिक स्पर्धा दीडशे वर्षे धडपणे उभ्या राहू शकल्या नाहीत! कुणीतरी मोठ्या थाटात स्पर्धा काढतो, चार-सहा वर्षे चालवतो, पैसे संपतात, खेळाडू शिव्या घालतात, मग दुसरा कुणी येतो. हे असे का होत असावे, याचा मागोवा घ्यायचा आजचा प्रयत्न आहे.

सुरुवात नावापासूनच करू. पूल म्हणजे सगळ्यांनी मिळून मध्ये टाकलेली रक्कम. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतीवर जिथे सामूहिक पैज लागे त्या जागेला पूलरूम म्हणत. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात गिऱ्हाइकांनी बसून काय करायचे, म्हणून मालक बिलियर्डचे टेबल ठेवू लागले. पैजेचे नाव टेबलावरच्या खेळाला चिकटले ते कायमचे. म्हणजे बदनामी बारशाच्या वेळीच पदरात पडली म्हणायची. आपल्याकडेही हाच शब्द आला होता. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत ब्रिटिश अधिकारी ब्लॅक पूल नावाचा पैजेचा खेळ खेळत असत, त्यात नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने आणखी रंगीत बॉल घातले आणि स्नूकर जन्माला आला. (हा पंतप्रधान चेंबरलेन नव्हे. वर्गात हा खुलासा मला दरवर्षी करावा लागे.)

पहिला मोठा 'प्रमोटर' म्हणता येईल असा माणूस म्हणजे मायकेल फेलन. १८५९ साली डेट्रॉईट येथे त्याने जॉन सीरायटरशी १५,००० डॉलरचा बिलियर्डचा सामना खेळला आणि जिंकला. त्या काळात ही रक्कम म्हणजे डोळे फिरायचीच बाब. पण गंमत अशी की फेलन नुसता खेळाडू नव्हता, टेबले बनवून विकणारा कारखानदार होता. सामना गाजला की टेबलांना मागणी. हस्तिदंत महाग पडू लागला तेव्हा बॉलसाठी पर्यायी पदार्थ शोधणाऱ्याला १०,००० डॉलर देऊ अशी घोषणाही त्याच्याच कंपनीने केली. त्या शोधाशोधीतून जॉन वेस्ली हयातने सेल्युलॉइड बनवले आणि प्लॅस्टिकच्या युगाचे दार किलकिले झाले.

म्हणजे स्पर्धा हे मुळात टेबल विकण्याचे साधन होते. हा धागा पुढे शंभर वर्षे सुटत नाही. ब्रन्सविक ही टेबलांची सर्वांत मोठी कंपनी. जगज्जेतेपद कुणाला म्हणायचे, सामने कुठे व्हायचे, यावर तिचे वजन असे. १९३३ साली ब्रन्सविकने राल्फ ग्रीनलीफ आणि विशीतला विली मॉस्कोनी यांना गावोगाव फिरवले. शंभराहून जास्त सामने. ग्रीनलीफ थोडक्यात पुढे राहिला, पण पोरगा तयार झाला. आपल्याकडे नाटक कंपन्या गावोगाव जात, तसाच हा प्रकार. दोन नट, एकच नाटक, रोज नवे गाव.

मॉस्कोनी पुढे या खेळातला सर्वांत मोठा माणूस ठरला. १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावी एका प्रदर्शनीय सामन्यात त्याने न चुकता लागोपाठ ५२६ बॉल घातले. पण पाहा, हा पराक्रम झाला तोपर्यंत खेळाला उतरती कळा लागली होती. महायुद्धातून परतलेले जवान संसारात पडले, शहराबाहेर घरे बांधून राहू लागले, संध्याकाळी टीव्हीपुढे बसू लागले. गावातल्या मध्यवस्तीतल्या पूलरूम ओस पडल्या. टेबले खपेनात, तर टेबलवाल्याने स्पर्धा कशासाठी भरवायच्या?

आणि इथे एक विचित्र गोष्ट घडली. वॉल्टर टेव्हिस याची 'द हसलर' ही कादंबरी १९५९ साली आली आणि १९६१ साली तिच्यावर पॉल न्यूमनचा सिनेमा निघाला. हसलर म्हणजे आपला खरा खेळ लपवून, कच्चा असल्याचे सोंग घेऊन, समोरच्याकडून पैजेचे पैसे काढणारा. सिनेमाने मेलेला धंदा जिवंत केला, नव्या पूलरूम निघाल्या. फक्त लोकांना आता स्वच्छ कपड्यातला सभ्य विजेता नको होता. त्यांना हसलर पाहायचे होते!

ते दाखवण्याचे काम इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटी या लहानशा गावात जान्सको बंधूंनी केले. जॉर्ज आणि पॉली जान्सको. सिनेमा आला त्याच वर्षी, १९६१ साली, त्यांनी देशभरातले पट्टीचे पैजवाले खेळाडू आपल्या जागेत बोलावले. पहिल्या वर्षी एकच प्रकार होता, वन पॉकेट. पुढे नाइन बॉल आणि स्ट्रेट पूल आले. दिवसा अधिकृत स्पर्धा, रात्रभर मागच्या बाजूला पैजा. खेळाडू बक्षिसासाठी नव्हे, त्या रात्रींसाठी येत. ल्यूथर लॅसिटर हा तिथला मोठा खेळाडू, आणि गप्पांच्या जोरावर सगळ्यांच्या पुढे असलेला रुडॉल्फ वांडरोन. सिनेमातला 'मिनेसोटा फॅट्स' माझ्यावरूनच घेतला, असे या जाड्या गृहस्थाने जाहीर करून टाकले आणि ते नाव स्वतःला लावून घेतले. कादंबरीकार टेव्हिस शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला. कोण ऐकतो!

जान्सको बंधूंनी १९६५ पासून लास व्हेगासच्या स्टारडस्ट हॉटेलातही अशीच स्पर्धा भरवली. टीव्हीवाले आले. मासिकांत फोटो आले. आणि जितके नाव झाले तितके सरकारचे लक्ष गेले. १९७२ साली जॉन्स्टन सिटीत स्पर्धा चालू असतानाच केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांनी जुगाराच्या संशयावरून छापा घातला आणि तो अध्याय तिथेच मिटला. मला या छाप्यात आयोजकाची सगळी अडचण दिसते. पैजा बंद केल्या तर चांगले खेळाडू येत नाहीत. पैजा चालू ठेवल्या तर प्रतिष्ठित प्रायोजक जवळ उभा राहत नाही आणि एक दिवस पोलीस दारात येतात.

१९७८ साली व्हॅलेंटाइनच्या दिवशी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात मॉस्कोनी विरुद्ध 'फॅट्स' असा सामना टीव्हीवर झाला. समालोचनाला हॉवर्ड कोसेल, म्हणजे मुहंमद अलीच्या लढतींमुळे घराघरात पोचलेला आवाज. मॉस्कोनी चौसष्ट वर्षांचा, सुटाबुटातला, चिडका, आणि या बडबड्या माणसाचा मनापासून तिरस्कार करणारा. फॅट्स बोलत राहिला, मॉस्कोनी जिंकत राहिला. त्या वर्षीच्या सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या क्रीडा कार्यक्रमांत त्याची गणना झाली. आणि तरुण, खरोखर उत्तम खेळणारे खेळाडू त्याच वर्षी चारदोनशे प्रेक्षकांपुढे खेळत होते. लोकांना माणसे आवडतात, त्यांची भांडणे आवडतात. अचूकपणा पाहायला लोक तिकीट काढत नाहीत. माझ्या वर्गात अफझलखानाच्या भेटीच्या तासाला पोरे जशी कान टवकारत तशी रयतवारीच्या तासाला कधी टवकारत नसत, तेच हे.

आता थोडे व्यवहाराचे. या खेळाची स्पर्धा भरवायची म्हणजे नुसते मैदान आखून चालत नाही. टेबलाच्या आत स्लेटच्या दगडी लाद्या असतात, स्पर्धेच्या नऊ फुटी टेबलाचे वजन चारशे किलोच्या वर जाते. अशी वीस-पंचवीस टेबले ट्रकने आणायची, हॉटेलच्या सभागृहात जोडायची, पाणसळीने एकेक सपाट करायची, नवे कापड ताणून बसवायचे, वर सावली न पडणारे दिवे टांगायचे आणि आठवड्याने सगळे उचलायचे. एवढे करून एका टेबलाभोवती बसून बॉल स्पष्ट दिसावेत अशा खुर्च्या फार तर काहीशे. तिकिटाच्या पैशांतून हा खर्च निघतच नाही. मग खेळाडूंकडून प्रवेश फी घ्यायची आणि त्यातूनच बक्षीस द्यायचे. म्हणजे शंभर खेळाडूंचे पैसे पाच-दहा खेळाडूंच्या खिशात. बाहेरचा पैसा आलाच नाही तर याला व्यवसाय म्हणायचे की मोठी भिशी?

बाहेरचा पैसा म्हणजे टीव्ही. टीव्हीला सामना किती वेळ चालेल ते आधी कळायला हवे असते. स्ट्रेट पूलमध्ये एक खेळाडू तासभर खेळत राहतो आणि दुसरा खुर्चीत बसून छत पाहतो. म्हणून तो प्रकार मागे पडला आणि नाइन बॉल पुढे आला: नऊ बॉल, चढत्या क्रमाने, नववा घातला की डाव संपला. चटपटीत. पण त्यातही एखादा पट्टीचा खेळाडू ब्रेक करून सगळे बॉल साफ करत सुटला की प्रतिस्पर्ध्याला क्यू उचलायची संधी मिळत नाही. मग आळीपाळीने ब्रेक, प्रत्येक फटक्याला सेकंदांची मर्यादा, असे नियम आले. जुने खेळाडू कुरकुरले.

इंग्लंडात स्नूकरला हे दिव्य करावे लागले नाही. रंगीत टीव्हीचा रंग दाखवायला बीबीसीला काहीतरी हवे होते, म्हणून १९६९ साली 'पॉट ब्लॅक' सुरू झाले. मोजक्याच वाहिन्या, लहान देश. १९८५ सालच्या डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस यांच्या अंतिम सामन्याचा शेवट मध्यरात्रीनंतर १ कोटी ८५ लाख लोक पाहत होते. अमेरिकेत बेसबॉल, फुटबॉल आणि बास्केटबॉल सोडून जी वेळ उरते तीत पूलने घुसायचे होते.

१९८६ साली 'द कलर ऑफ मनी' आला, न्यूमनला ऑस्कर मिळाले, पुन्हा एकदा लाट आली. नव्वदच्या दशकात पुरुषांच्या स्पर्धांना कॅमल सिगारेटचा आधार मिळाला. पण १९९८ सालच्या तंबाखू समझोत्याने सिगारेटच्या ब्रँडांना अशा कार्यक्रमांना नावे देण्यावर कडक बंधने आली आणि ती मालिका बंद पडली. बायकांनी मात्र १९९३ साली पुरुषांपासून वेगळे होऊन स्वतःचा दौरा काढला. कपडे नीटनेटके, तारखा ठरलेल्या, ईएसपीएन वाहिनीशी संबंध चांगले. इंग्लंडची ॲलिसन फिशर स्नूकर सोडून १९९५ साली तिथे आली. काळ्या कपड्यातल्या जेनेट ली हिला 'ब्लॅक विडो' म्हणून पूल न खेळणारेही ओळखू लागले. पुरुष एकमेकांच्या संघटना फोडण्यात गुंतले होते, तेव्हा बायकांनी पंधराएक वर्षे दौरा व्यवस्थित चालवून दाखवला, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. (घरच्या मंडळींनी हसू नये.)

पुरुषांच्या गोंधळातला एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९९६ साली सी. जे. वायली याने डॅलस येथे एक स्पर्धा घेतली. त्यात जाहीर केले, की जो लागोपाठ दहा डाव ब्रेक करून साफ करील त्याला दहा लाख डॉलर. अर्थात विमा उतरवून. असे कधी होणार नाही हा सगळ्यांचाच अंदाज. अर्ल स्ट्रिकलंड नावाच्या तिरसट पण अफाट खेळाडूने पहिल्याच दिवशी दहा नव्हे, अकरा डाव साफ केले! सभागृहात जल्लोष, दुसऱ्या दिवशी बातम्या. आणि मग विमा कंपनीने हात वर केले. प्रकरण वकिलांकडे गेले आणि शेवटी तडजोडीत मिटले. या खेळातला अशक्य वाटणारा पराक्रम घडला आणि लोकांच्या लक्षात राहिला तो पैशाचा वाद.

हे वाचताना मला आमच्या गणेशोत्सव मंडळाची कॅरम स्पर्धा आठवली. बरीच वर्षे तिचा जमाखर्च माझ्याकडे होता. एका वर्षी एका दानशूर गृहस्थांनी मंडपात, माईकवर, टाळ्यांच्या गजरात पहिले बक्षीस पाच हजार जाहीर केले. तालुक्याबाहेरून खेळाडू आले. अंतिम सामन्याच्या दिवशी गृहस्थ परगावी! फायनल जिंकलेला पोरगा गिरणी कामगाराचा होता, स्ट्रायकर खिशात ठेवून माझ्यासमोर शांत उभा होता. आम्ही पाच जणांनी खिसे झाडून पैसे भरले आणि पुढच्या वर्षीपासून नियम केला की पैसे डब्यात पडल्याशिवाय आकडा माईकवर घ्यायचा नाही. पाच हजार होते म्हणून निभावले. पाच लाख डॉलर असते तर?

तर आता रेनोकडे येऊ.

केव्हिन ट्रूडो हा टीव्हीवर रात्री-अपरात्री लागणाऱ्या लांबलचक जाहिरातींतून माल विकणारा गृहस्थ. त्याच्या दाव्यांवरून अमेरिकेच्या ग्राहकहिताच्या आयोगाशी त्याचे खटके उडत आले होते आणि २००४ साली पुस्तके वगळता अशा जाहिरातींतून माल विकायला त्याला बंदी झाली होती. डॉक्टर आणि औषध कंपन्या लपवून ठेवतात असे 'नैसर्गिक उपाय' सांगणारे त्याचे पुस्तक प्रचंड खपले. पैसा हाती होता, बोलणे गोड होते आणि पूलची आवड होती. २००५ साली त्याने इंटरनॅशनल पूल टूर, म्हणजे आयपीटी काढली.

त्याची कल्पना वाईट नव्हती, हे प्रामाणिकपणे म्हणायला हवे. गोल्फसारखा दौरा करायचा. निवडक १५० व्यावसायिक खेळाडूंना दौऱ्याचे सदस्यत्व. नाइन बॉल सोडून एट बॉल खेळायचे, कारण सामान्य अमेरिकन माणूस बारमध्ये तेच खेळतो आणि त्याला नियम समजावून सांगावे लागत नाहीत. टेबलावर जरा जाड, हळू धावणारे कापड, म्हणजे खेळ अवघड होईल. खेळाडूंनी टापटीप कपड्यात यायचे. आणि बक्षिसे अशी की जगाने मान वळवून पाहिले पाहिजे.

२००५ सालच्या ऑगस्टमध्ये लास व्हेगासला माइक सिगेल आणि लॉरी जॉन जोन्स असा स्त्री-पुरुष सामना झाला, जिंकणाऱ्या सिगेलला दीड लाख डॉलर. त्या वर्षअखेरीस ऑर्लँडोला 'किंग ऑफ द हिल'. त्यात फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने सिगेललाच हरवून दोन लाख नेले. २००६ सालच्या जुलैत पुन्हा व्हेगास, एकूण बक्षिसे वीस लाख डॉलरची, जर्मनीचा थॉर्स्टन होहमान पहिला, साडेतीन लाख. हे पैसे मिळालेही. ज्यांनी आयुष्यभर दोन-पाच हजारांच्या बक्षिसासाठी मोटारीत झोपून प्रवास केले, त्या खेळाडूंना काय वाटले असेल! कित्येकांनी इतर कामे सोडून सराव सुरू केला, परदेशातून लोक पदरच्या खर्चाने पात्रता स्पर्धांना आले.

सप्टेंबर २००६. नेव्हाडातले रेनो. आयपीटी वर्ल्ड ओपन. एकूण बक्षिसे तीस लाख, पहिले बक्षीस पाच लाख डॉलर. पूलच्या इतिहासात तोवर एवढे बक्षीस कुणी लावले नव्हते. अंतिम सामन्यात एफ्रेन रेयेसने रॉडनी मॉरिसला हरवले.

या रेयेसबद्दल दोन शब्द. १९५४ चा जन्म, पांपांगा प्रांतातला. लहानपणी मनिलात मामा-काकांपैकी एकाच्या पूल हॉलमध्ये वाढला, रात्री टेबलावर झोपायचा. टोपणनाव 'बाटा', म्हणजे पोर. १९८५ साली तो अमेरिकेत आला तेव्हा नाव ओळखले जाऊ नये म्हणून सेझर मोरालेस या नावाने खेळला आणि ह्यूस्टनमध्ये भल्याभल्यांना धुऊन गेला. १९९४ साली यू. एस. ओपन जिंकणारा तो पहिला बिगर-अमेरिकन. पुढचे दात पडलेले, चेहऱ्यावर मिस्कील हसू, बोलणे अगदी कमी. रेनोला तो बावन्न वर्षांचा होता.

पाच लाख डॉलर जिंकलेल्या या माणसाला, आणि त्याच्या मागोमाग क्रमांक लावलेल्या सगळ्यांना, घरी जाताना पैसे मिळाले नाहीत. कळले ते असे, की पैसे सध्या नाहीत. ऑनलाइन जुगाराच्या धंद्यातल्या एका कंपनीला दौरा विकायचा व्यवहार ठरत आला होता आणि बक्षिसे त्यातून द्यायची होती. व्यवहार फिसकटला. त्यातच ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेने इंटरनेटवरच्या जुगाराचे आर्थिक व्यवहार रोखणारा कायदा केला, त्यामुळे त्या बाजूने कुणी पैसेवाला येण्याची आशाही मावळली. खेळाडूंना थोडे थोडे हप्त्याने पैसे पाठवायला सुरुवात झाली. दौरा बंद. व्हेगास आणि रेनो या दोन स्पर्धांत पन्नास लाख डॉलरची बक्षिसे लावली गेली, पण ती उभी होती एका माणसाच्या शब्दावर. टीव्हीच्या हक्कांचे, तिकिटांचे किंवा प्रायोजकांचे पुरेसे उत्पन्न तिच्यामागे नव्हते.

ट्रूडोचे पुढे काय झाले? वजन कमी करण्याच्या पुस्तकाच्या जाहिरातीत खोटे दावे केले आणि न्यायालयाचा आदेश मोडला म्हणून २०१४ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्याचा पूलशी संबंध नव्हता. खेळाडूंमध्ये मात्र आजही दोन तट दिसतात. काही त्याला भामटा म्हणतात, काही म्हणतात की निदान एवढे पैसे तरी आमच्या खेळाला कुणी दिले? दुसरे म्हणणारे ऐकले की मला वाईट वाटते. खेळाडूची अपेक्षा किती खाली गेली असेल, की अर्धवट मिळालेल्या बक्षिसाचेही उपकार वाटावेत.

त्यानंतरची वर्षे कोरडी गेली. २००७ साली मनिलाजवळ क्वेझोन सिटीत जागतिक नाइन बॉल स्पर्धा झाली आणि मग २००८ व २००९ या दोन वर्षी जगज्जेतेपदाची स्पर्धाच झाली नाही! ती २०१० साली कतारमधल्या दोहा शहरात पुन्हा सुरू झाली. व्हर्जिनियातल्या नॉरफोकचे बॅरी बेहरमन यांनी १९७६ साली सुरू केलेली यू. एस. ओपन मात्र चालू राहिली. पूलरूमचा मालक असलेला हा माणूस चाळीस वर्षे एका स्पर्धेला चिकटून राहिला. बक्षिसाचे पैसे उशिरा मिळतात अशा तक्रारी त्यांच्याही वाट्याला आल्या. पण खेळाडू शिव्या घालत दरवर्षी तिथेच यायचे. २०१६ साली ते वारले, मुलांनी दोन वर्षे स्पर्धा चालवली आणि २०१८ साली ती इंग्लंडच्या मॅचरूम कंपनीकडे गेली.

केंटकीतल्या लुईव्हिलला १९९९ साली सुरू झालेली डर्बी सिटी क्लासिक मला सर्वांत शहाणी वाटते. टेबल बनवणाऱ्यानेच काढलेली, म्हणजे फेलनची जुनी वाट. तिथे हरलेला खेळाडू पुन्हा फी भरून एकदा परत येऊ शकतो. आयोजकाची जमा वाढते, हौशी माणसाला मोठ्या खेळाडूशी खेळायला मिळते. पैजा लावायला रात्र आहेच. प्रतिष्ठेचा आव नाही आणि म्हणून ती टिकली, असे माझे मत.

मॅचरूमचा बॅरी हर्न हा रॉमफर्डच्या स्नूकर हॉलमधून वर आलेला, स्टीव्ह डेव्हिसचा व्यवस्थापक. १९९४ साली त्याने युरोप विरुद्ध अमेरिका असा मॉस्कोनी कप काढला. मॉस्कोनी त्याच्या आदल्या वर्षी वारला होता. सुरुवातीला युरोपकडून डेव्हिस, जिमी व्हाइट असे स्नूकरवाले खेळवले, कारण इंग्लिश प्रेक्षक त्यांनाच ओळखत. प्रेक्षकांना ओरडू दिले, ढोल वाजवू दिले. खेळाडू विरुद्ध खेळाडू पाहायला न येणारा माणूस देश विरुद्ध देश पाहायला येतो, हे त्याने बरोबर हेरले. आपल्याला क्रिकेटमुळे हे कुणी शिकवायला नको.

२०२३ साली मॅचरूमने स्वतःचा जागतिक दौरा काढला. लगेच जागतिक संघटनेशी मान्यतेवरून वाद, आणि अमुक स्पर्धा खेळलात तर बंदी घालू अशी खेळाडूंना तंबी. १९९९ साली तर एकाच वर्षी दोन जगज्जेतेपदाच्या स्पर्धा झाल्या होत्या, कार्डिफला रेयेस आणि स्पेनमध्ये निक व्हार्नर, आणि पुढे दोघांनाही मान्यता द्यावी लागली. सव्वीस वर्षे अध्यापनात काढल्यामुळे दोन संघटनांच्या भांडणात कोण भरडते हे मला सांगायला नको. आमच्याकडे शिक्षकांच्या तीन संघटना होत्या!

२०२४ पासून जागतिक स्पर्धा सौदी अरेबियातल्या जेद्दा शहरात गेली आहे. करार दहा वर्षांचा, एकूण बक्षिसे दहा लाख डॉलर. या वेळी पैसा सौदीतून येतो आहे, प्रेक्षकांच्या तिकिटातून नव्हे, हे ओघाने आलेच. पहिल्या वर्षी फेडोर गोर्स्टने अल्बानियाच्या एक्लेंट काचीला शेवटच्या डावात हरवले. त्याचे बक्षीस होते अडीच लाख डॉलर. रेनोला जाहीर झालेल्या आकड्याच्या बरोबर निम्मे, आणि तेही अठरा वर्षांनी.